प्रोग्राम बरोबर, उत्तर निरर्थक: कॉलेजातलं पहिलं प्रोग्रामिंग बाकीच्या विषयांशी जोडायचं म्हणजे काय?

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या घरांमध्ये जी खलबतं चालतात, त्यांची भाषा अलीकडे बदलली आहे. आर्ट्स, कॉमर्स की सायन्स एवढ्यावर पूर्वी भागायचं. आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी अशी लांबलचक यादी हातात पडते. आई-बाबांचं सोडाच, पाच वर्षांपूर्वी पदवी घेतलेली ताईसुद्धा ती वाचून गप्प होते. त्यात अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीच्या यादीत 'पायथनची ओळख', म्हणजे एका प्रोग्रामिंग भाषेची ओळख, असं काही दिसलं की ठरलेला प्रश्न येतो: हिला आर्ट्सला घातलंय ना, मग हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याला 'बहुविद्याशाखीय दृष्टिकोन' वगैरे भारदस्त उत्तरं मिळतात आणि विचारणारा निमूट फॉर्म भरतो. मी उपनगरातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतो, त्यामुळे या यादीच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. तिथून दिसतं ते सांगतो.

यादी आली कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी ते २०२३-२४ पासून लागू केलं आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न बाकीच्या कॉलेजांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला आलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्यांचे कोर्स. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. तो आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. म्हणून अर्थशास्त्राची मुलगी संगणकाच्या वर्गात येते आणि संगणकशास्त्राचा मुलगा कॉमर्सच्या. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांची लेक्चर्स किंवा ३० तासांचं प्रॅक्टिकल. दोन क्रेडिटची ओई लेक्चरच्या हिशेबाने ३० तासांत संपते. त्यातून गणपतीची सुट्टी, कॉलेजचा फेस्ट आणि 'आज ट्रेन बंद आहेत' हे तीन-चार दिवस वजा करा.

एवढ्या वेळात विषयाची तोंडओळख होते. दोन विषय एकमेकांशी बोलू लागतात का? बहुतेक वेळा नाही. मुलगी सकाळी अर्थशास्त्रात महागाईचा निर्देशांक शिकते, दुपारी संगणकात लूप शिकते, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायची रचना. निर्देशांक काढायला लूप वापरता येतो हे तिला कुणी सांगत नाही. सकाळच्या मॅडमना दुपारचा अभ्यासक्रम माहीत नसतो आणि दुपारच्या सरांना सकाळचा.

शिक्षणशास्त्रात ज्याला एकात्मिक शिक्षण म्हणतात ते इथे सुरू होतं. एका विषयात शिकलेलं दुसऱ्या विषयातल्या किंवा वर्गाबाहेरच्या प्रश्नाला लावता येणं, आणि लावताना दोन्ही विषय आधीपेक्षा जास्त उमगणं, असा त्याचा साधा अर्थ. वेळापत्रकात विषय शेजारी-शेजारी ठेवले की ते होतं हा मोठा गैरसमज आहे. ते होतं विद्यार्थ्यापुढे ठेवलेल्या प्रश्नामुळे. ज्या प्रश्नाला दोन्ही विषय लागतात, तो प्रश्न मुळात कुणीतरी लिहावा लागतो.

जर्नलमधले दहा प्रोग्राम

मुंबईत ज्यांनी कुठल्याही प्रकारचं संगणक शिक्षण घेतलं आहे त्यांना जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, आठवत असेल. फॅक्टोरियल, फिबोनाची, संख्या सम की विषम, पॅलिंड्रोम, ताऱ्यांचा पिरॅमिड. प्रत्येकाचा कोड आणि आउटपुटचं प्रिंटआउट चिकटवायचं, सह्या घ्यायच्या, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल समोर ठेवून उरलेलं उतरवायचं. व्हायवाला एक्स्टर्नल विचारणार 'व्हाइल आणि डू-व्हाइलमध्ये फरक काय', त्याचं उत्तर पाठ. सर्टिफाय झालं, संपलं.

हे प्रोग्राम वाईट नाहीत. शिवणक्लासात पहिले काही दिवस चिंधीवरच टाके घालायला लावतात, कारण हात बसायला हवा. पण लवकरच बाई झबलं कापायला देतात, आणि तिथे पहिल्यांदा कळतं की टाका कुठला घालायचा हे कापड ठरवतं आणि अंग कुणाचं ते ठरवतं. आपल्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगमध्ये झबलं येतच नाही. वर्षभर चिंध्या, आणि नव्या रचनेत कापड तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच वर्गात.

पहिला प्रोग्रामिंग कोर्स जगभर अवघड जातो, ही काही आपल्याच मुलांची खोड नाही. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांचे आकडे गोळा करून केलेल्या २००७ च्या एका पाहणीत नापासांचं प्रमाण ३३ टक्के निघालं होतं. त्याच संशोधकांनी २०१९ साली पुन्हा पाहिलं तेव्हा ते २८ टक्के होतं. म्हणजे साधारण तिघा-चौघांत एक जण गळतो. त्यातले सगळेच 'डोक्याने कमी' असतात यावर माझा विश्वास नाही. पुष्कळांना हे कशासाठी चाललंय तेच कळलेलं नसतं.

२६ जुलैचा पाऊस मोजून बघू

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. संख्यांची सरासरी काढणारा प्रोग्राम प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात नवशिक्यांना हेच काम पावसाच्या आकड्यांचा वेश चढवून दिलं: आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी छाप. दिसायला किरकोळ, पण बहुतेक नवशिके त्यात अडखळले. संगणक शिक्षणाच्या संशोधनात हा 'पावसाचा प्रश्न' म्हणूनच ओळखला जातो. सोलोवेंचा पाऊस मात्र नावापुरता होता. आपल्याकडे खराखुरा आहे.

२६ जुलै २००५. हवामान विभागाच्या मुंबईत दोन मुख्य वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सबंध पावसाळ्याच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहून जास्त. कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर अंतर.

विद्यार्थ्याला सांगा, मुंबईचा त्या दिवशीचा सरासरी पाऊस काढ. सी भाषेत त्याने दोन्ही आकडे पूर्णांक म्हणून ठेवले, बेरीज १०१७ आली, दोनने भागलं, उत्तर आलं ५०८. अर्धा मिलिमीटर गायब, कारण सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश भाग गळून पडतो. इथे सर ओरडतात: फ्लोट वापर! मुलगा आकडे दशांश चालणाऱ्या या प्रकारात ठेवतो, ५०८.५ येतं, शेजारी टिकमार्क.

पण ५०८.५ मिलिमीटर पाऊस मुंबईत पडला कुठे? कुलाब्याला नाही, सांताक्रूझलाही नाही. दक्षिण मुंबईत ऑफिसं सुटेपर्यंत कित्येकांना पत्ता नव्हता की तिकडे कलिना, कुर्ला पाण्यात आहे. त्या दिवसाचं सगळं सत्य या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे, आणि सरासरी नेमका तो फरक पुसते. अर्ध्या मिलिमीटरसाठी गुण कापले गेले. जे उत्तर दाखवायलाच नको होतं, त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

पुढची गंमत तारखेची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि नोंद पडते ती संपण्याच्या तारखेवर. त्यामुळे ९४४ हा आकडा शोधायला गेलं तर तो २७ जुलैपुढे सापडतो. माझ्या वर्गातली मुलं २००५ नंतर जन्मलेली, पण घरोघरी ती रात्र सांगितली जाते. एकाने स्क्रीनकडे बोट दाखवून ठणकावलं, "सर, डेटाच चुकीचाय. आमच्या आईला विचारा, सव्वीस तारीख होती." डेटा चुकीचा नव्हता आणि त्याची आईही नाही. दिवस कुठे कापायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते माहीत असावं लागतं, हे मी लेक्चरमध्ये सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

इफ-एल्सचंही, म्हणजे 'अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते कर' या रचनेचंही तेच. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस. विद्यार्थी स्वाभाविकपणे लहान आकड्यापासून सुरुवात करतात: ६४.५ पेक्षा जास्त असेल तर 'जोरदार' छाप. झालं, ९४४ मिलिमीटरलाही प्रोग्राम नुसतं 'जोरदार' म्हणून मोकळा होतो, कारण पहिलीच अट खरी ठरली की पुढच्या तपासल्या जात नाहीत. हाच धडा 'गुणांवरून श्रेणी काढा' या जुन्या प्रोग्राममध्येही असतो. पण तिथे चुकलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे अख्खा वर्ग हसतो, कारण उत्तर चूक आहे हे मुंबईच्या पोराला कोड न वाचता कळतं.

आणि मग न मिळालेले आकडे. हवामान विभागाची ग्रिड स्वरूपातली, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून दिलेली, माहिती फक्त जमिनीपुरती असते. समुद्रावरच्या चौकोनांत पावसाऐवजी −९९९ लिहिलेलं असतं, 'इथे माहिती नाही' अशा अर्थाने. मुंबईच्या आसपासचे चौकोन घेऊन डोळे मिटून सरासरी काढली तर अरबी समुद्र त्यात शिरतो आणि जुलै महिन्यात उणे पाऊस पडतो. बरं, −९९९ काढून तिथे शून्य भरलं तर? मग समुद्रावर कोरडा दुष्काळ. 'माहिती नाही' आणि 'पाऊस नाही' यांतला भेद हा संख्याशास्त्राचा, भूगोलाचा आणि प्रोग्रामिंगचा एकाच वेळचा धडा आहे. तो कुठल्याही एका पेपरात बसत नाही.

शिकलेलं आपोआप का सरकत नाही

'प्रोग्रामिंग नीट शिकलं की बाकी सगळीकडे आपोआप वापरता येतं', असं माझ्या शाखेतले लोक फार विश्वासाने म्हणतात. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडण्याला मानसशास्त्रात अध्ययनाचं संक्रमण म्हणतात. ते किती कंजूष असतं हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच प्रयोगांनी दाखवलं होतं. एका कामाचा सराव दुसऱ्या कामात तेवढाच उतरतो, जेवढं त्या दोन कामांत समान असतं.

संगणकाच्या बाबतीत हीच आशा पुन्हा एकदा फुलली ती लोगो भाषेमुळे. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ती बनवली. त्यातल्या पडद्यावरच्या कासवाला 'पुढे जा, उजवीकडे वळ' सांगून आकृत्या काढायच्या. असं करता करता मुलं एकूणच शिस्तीत विचार करायला शिकतील असा अनेकांचा होरा होता. १९८० च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासलं, तर लोगो शिकलेल्या मुलांचं इतर कामांचं नियोजन न शिकलेल्यांपेक्षा काही सरस दिसेना. लोगो फसली असा याचा अर्थ नव्हे. जोडणी मुद्दाम शिकवावी लागते, एवढाच.

तेच कासव आपल्याकडे पवईला भेटतं. आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगसाठी सी प्लस प्लसवर 'सिंपल सीपीपी' नावाचं साधन तयार केलं. त्यात विद्यार्थी आरंभीच कासवाला चौकोन, बहुभुज काढायला लावतो. लूप शिकायला फिबोनाचीची गरज नाही. बहुभुजाचे बाह्यकोन मिळून ३६० अंश होतात हे शाळेतलं भूमितीचं वाक्य पुरतं. आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर नवी गोष्ट टांगली आहे, म्हणून ते चालतं.

बाहेर करून पाहिलंय का कुणी?

पाहिलंय, आणि निकाल सरळसोट नाहीत, म्हणून ते जास्त विश्वासार्ह वाटतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने १९९९ पासून सगळ्याच विद्यार्थ्यांना संगणकाचा एक कोर्स सक्तीचा केला. आर्किटेक्चर, मॅनेजमेंट, मानव्यविद्या अशा शाखांतली निम्मी मुलं त्यात गळत होती. २००३ मध्ये मार्क गझडियल यांनी त्यांच्यासाठी वेगळा कोर्स आणला, ज्यात सगळं प्रोग्रामिंग फोटो आणि आवाजावर चालायचं. लूप म्हणजे फोटोच्या प्रत्येक ठिपक्यावरून फिरून त्याचा रंग उलटा करणं. टिकून पास होणाऱ्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात गेलं. दहा वर्षांनी गझडियल यांनीच स्वतःच्या कामाचा हिशेब मांडला आणि मान्य केलं की मुलं टिकतात हे सिद्ध झालं, पण ती जास्त शिकतात याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. आपल्याच प्रयोगाबद्दल असं छापणारा माणूस मला आवडतो.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाने २०१५ मध्ये डेटा सायन्सचा पायाभूत कोर्स काढला आणि त्याला खेटून छोटे 'जोड-कोर्स' ठेवले. मुख्य कोर्समध्ये सगळे एकत्र. जोड-कोर्समध्ये इतिहासाचा विद्यार्थी इतिहासाच्या माहितीवर आणि जीवशास्त्राचा जीवशास्त्राच्या माहितीवर तेच तंत्र वापरणार. आपल्या ओईच्या चौकटीत बसण्यासारखी हीच कल्पना मला सगळ्यांत जवळची वाटते.

हार्वी मड या लहानशा कॉलेजने २००६ मध्ये पहिला कोर्स बदलला, जीवशास्त्राच्या उदाहरणांवर चालणारी एक वेगळी तुकडीही पुढे काढली. संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत चाळीसच्या घरात गेलं. पण त्यांनी एकाच वेळी बरंच काही बदललं होतं, तेव्हा सगळं श्रेय जोडणीला देता येणार नाही. उलट स्टॅनफर्डने २०१४ मध्ये 'संगणकशास्त्र अधिक इंग्रजी', 'संगणकशास्त्र अधिक संगीत' अशा जोडपदव्या थाटात सुरू केल्या आणि काही वर्षांतच गुंडाळल्या. पदवीच्या नावात अधिक चिन्ह टाकणं सोपं असतं.

'आधी पाया तर पक्का होऊ दे'

स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप, आणि त्यात दम आहे. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलं की माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी फार थोडं मावतं. ज्याला अजून अर्धविराम कुठे द्यायचा ते कळत नाही, त्याच्यावर प्रथिनांची रचनाही लादली तर तो दोन्हीकडून जाईल.

म्हणून संदर्भ असा निवडायचा जो विद्यार्थ्याला आधीच ठाऊक आहे. पाऊस, लोकलचं वेळापत्रक, भाजीचे भाव, विजेचं बिल. हे नव्याने शिकवावं लागत नाही. उलट ओळखीचा संदर्भ असला की उत्तर चुकलं हे विद्यार्थ्याचं त्यालाच कळतं. दुसरं म्हणजे कोऱ्या स्क्रीनपुढे बसवायचं नाही. चालणारा प्रोग्राम द्यायचा, वाचायला लावायचा, मग एक ओळ बदलायला सांगायची. स्वेलरांच्याच मताप्रमाणे सोडवून दाखवलेली उदाहरणं नवशिक्याचा भार हलका करतात. चिंधीवरचे टाके पहिले तीन आठवडे राहू देत. सोळाव्या आठवड्यात तेच चालू असेल तर मात्र पाया पक्का करतोय ही सबब झाली.

'याने संगणकशास्त्र पातळ होईल'

थोडं होईल. रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम, पावसाच्या तक्त्यात ओढूनताणून बसवावा लागतो. मेमरी आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, यांचंही तसंच. ज्यांचा मेजरच संगणकशास्त्र आहे त्यांना हे विषय सुटे आणि निखळच शिकवावेत असं माझं मत आहे. प्रत्येक गोष्टीला 'रोजच्या जगण्यातला उपयोग' चिकटवण्याच्या नादात काही शिक्षक फार हास्यास्पद उदाहरणं देतात. पण ओईला येणारी अर्थशास्त्राची मुलगी पॉइंटर शिकायला आलेली नाही, आणि तिला मेजरचाच अभ्यासक्रम निम्मा कापून वाढणं हा तिच्यावर अन्याय आहे.

'शिक्षक कुठून आणायचे?'

इथे मात्र माझ्याकडे गोड उत्तर नाही. मुंबईतल्या अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाचे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. भूगोलाच्या मॅडमबरोबर बसून प्रश्न तयार करण्याच्या तासाचे नाही. अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, संलग्न कॉलेजला त्यात बोट घालता येत नाही. दोन विभागांची वेळापत्रकं जुळवणं म्हणजे दादरला दोन्ही लाइनच्या गाड्या एकाच मिनिटाला आणण्यासारखं, जुळल्या तरी योगायोगच.

तरी थोडी जागा उरते. अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न शिक्षकाच्या हातात असतात. प्रॅक्टिकलच्या यादीत 'सरासरी काढणारा प्रोग्राम' एवढंच लिहिलेलं असतं. सरासरी कशाची हे लिहिलेलं नसतं. आमच्याकडे भूगोलाच्या मॅडम एका प्रॅक्टिकलला येऊन बसतात, बाकी काही नाही. त्या बोलतात दहा मिनिटं, पण मग मुलं त्यांना विचारतात आणि मला विचारतात, आणि आम्ही दोघं एकमेकांना विचारतो ते मुलांना दिसतं. सगळे प्रोग्राम बदलायची गरज नाही. दहातले तीन बदलले तरी पुष्कळ झालं.

तपासणीचं म्हणाल तर जर्नलमध्ये प्रत्येक आउटपुटखाली चार ओळी लिहायला लावायच्या, मराठीत लिहिल्या तरी चालेल: हा आकडा काय सांगतो, काय लपवतो, कुणाला विचारावं लागलं. मित्राच्या जर्नलवरून कोड उतरवता येतो. या चार ओळी उतरवल्या तर व्हायवाला एका प्रश्नात उघडं पडतं. चाळीस-पन्नास जर्नलं वाचायला वेळ जातो हे खरं.

'आता कोड एआयच लिहून देतो'

देतो, आणि चांगला देतो. फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम आणि ताऱ्यांचा पिरॅमिड तर डोळे झाकून. म्हणजे आपल्या जर्नलमधले दहाच्या दहा प्रोग्राम आता कुणीही फोनवरून पाच मिनिटांत काढू शकतं, आणि काढतातच. सुट्या प्रोग्रामवर परीक्षा घेण्यात काय अर्थ उरला, हा प्रश्न खरं तर सुटं शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

पावसाचा प्रोग्रामही एआय लिहून देईल. वेधशाळेचा दिवस साडेआठला सुरू होतो हेही विचारलं तर सांगेल. पण ते विचारायचं सुचण्यासाठी आधी २७ जुलैपुढचा ९४४ पाहून कुणालातरी खटकावं लागतं. ५०८.५ हे उत्तर वाचून 'थांबा, हे कुठे पडलं?' असं म्हणावं लागतं. हे खटकणं कोडच्या ज्ञानातून येत नाही. ते विषयाच्या ज्ञानातून येतं, आणि कोडचा अंदाज नसेल तर दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही. दोन्ही लागतं, तेही एकाच डोक्यात.

'प्लेसमेंटमध्ये हे कोण विचारतं?'

पहिल्या फेरीत कुणीच नाही. कंपन्यांच्या ऑनलाइन चाचण्यांत अजून ॲरे उलटा करा, स्ट्रिंगमधली अक्षरं मोजा असलेच सुटे प्रश्न येतात, आणि त्यांचा सराव वेगळा करावाच लागतो. मुलाखतीत 'तुम्ही केलेलं एखादं काम सांगा' म्हटल्यावर मात्र फिबोनाची सांगून चालत नाही.

प्रवेश घेताना काय बघाल?

माहितीपत्रक बाजूला ठेवा, त्यात सगळंच छान लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचं जर्नल मागा. सीनियर मुलं आनंदाने दाखवतात. दहा प्रोग्राम चाळा आणि त्यातल्या एखाद्यात तरी खरी माहिती वापरली आहे का बघा: जनगणनेची, बाजारभावाची, पावसाची, कशाचीही. आउटपुटखाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत काही लिहिलंय का तेही पाहा. ओई कोण शिकवणार आहे आणि त्यांना तुमच्या मुलीचा मेजर माहीत असतो का, हे विभागात जाऊन विचारायला हरकत नाही. उत्तर 'बघू' असं येण्याची शक्यता आहे, पण दोन-चार पालकांनी विचारलं की पुढच्या वर्षी कुणीतरी बघतं.

खरी माहिती मिळत नाही अशी अडचण कुणी सांगितली, तर ती फार ताणू देऊ नका. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची ग्रिड माहिती फुकट उतरवून घेता येते. फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडत नाही, ती वाचायला पंधरा-वीस ओळींचा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. प्रॅक्टिकल क्रमांक एक म्हणून तो चालू शकेल.